जुनी आउटबोर्ड मोटर : ओळख

- आउटबोर्ड : होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटर. वेगळे सुकाणू नाही. अख्खी मोटरच वळवायची. इनबोर्ड इंजिन होडीच्या पोटात कायमचे बसवलेले असते.
- १९०९ : अमेरिकेतील मिलवॉकीत ओले एव्हिनरूडच्या मोटरची विक्री सुरू. जन्माने नॉर्वेचा. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड (सुमारे २८ किलो), किंमतही ६२ डॉलर! पहिली मात्र ही नव्हे. डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमनची मोटर आधीच बाजारात होती.
- १९२०चे दशक : जॉन्सन बंधूंची दोन सिलिंडरची मोटर. वजन जेमतेम ३५ पौंड, एका हाताने उचलता येईल इतके.
- १९३९ : कार्ल कीखेफरने विस्कॉन्सिनमध्ये कंपनी काढली. तिचीच पुढे ‘मर्क्युरी’ झाली.
- सुरू करणे : आरंभीच्या मोटरींत फ्लायव्हीलवरची मूठ धरून ते हाताने फिरवत. नंतर दोरी आली. खाचेत गाठ अडकवायची, वेढे द्यायचे, झटक्यात ओढायची. मोटर सुरू झाली नाही, तर पुन्हा वेढे. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी त्यानंतरची.
- इंधन : टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. निळसर धूर त्याचाच.
- २०२० : एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन बंद.