माहेर इटलीचं, सासर कुर्ल्याचं

मैत्रिणींनो, लिंबाखाली कापड पांघरून उभी असलेली जुनी फियाट तुमच्याही दारात आहे का? आमच्या परभणीत अजून एखाददुसरी दिसते. संवादही ठरलेला. मुलगा म्हणतो, “आई, भंगारात देऊन टाकू.” आणि हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “राहू दे.” म्हटलं, द्यायचं की ठेवायचं ते मागाहून ठरवू, आधी ही बाई कोण, ते तरी बघू या!

माहेर इटलीतलं, सासर मुंबईचं, कुर्ल्याचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे फियाटशी करार झाला आणि ते गुबगुबीत मॉडेल आलं, ज्याला लोक चक्क ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. तीच नंतर ‘प्रेसिडेंट’ झाली नि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’. लग्नात नाव बदलावं तसं, अंगकाठी तीच. इटलीत ही मालिका १९६९ मध्ये संपली, कुर्ल्यात मात्र शतक सरेपर्यंत चालली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून ती दिसायची डॉक्टर-वकिलांच्या नाहीतर बड्या व्यापाऱ्यांच्या दारात. आमची जुनीच घेतलेली.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ते पुढे असतं, पण जोर लागतो मागच्या चाकांना. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. धाकटं पोर मधे मावायचं.

पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला. आता परभणीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा? पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ काही पुढे ढकलली जात नाही आणि गाडी बसते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना ही खोड असायचीच. उपाय काय, तर पंपावर ओलं फडकं! पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचं पाणी गार होतं ते यामुळेच. गंगाखेडला निघालो की फडकं आणि पाण्याचा तांब्या माझ्या पायाशी. गाडी मात्र मी चालवायची नाही. “तुला नाही जमायचं.” फडकं पिळायला तेवढं जमायचं!

मग एका रात्री सासूबाईंना धाप लागली. हे नांदेडला गेलेले. गाडी दारात, किल्ली खुंटीला, आणि मी शेजारचं दार ठोठावतेय. त्या बऱ्या झाल्या, पण घरी आल्यावर त्यांनीच ह्यांना सुनावलं, “हिला शिकव.”

कृषी विद्यापीठाकडच्या मोकळ्या रस्त्यावर शिकले. सकाळी चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापलं की तो परत आत ढकलायचा. विसरलात तर मागे काळा धूर. मागच्या सीटवर सासूबाई जपमाळ घेऊन! महिन्याभरात त्यांना तपासणीला मीच नेऊ लागले.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा तुमच्या गाडीचे कागद एकदा बघाच. आमचे मी कालच काढले. मालक म्हणून ह्यांचं नाव आहे. तरी मुलाला सांगून ठेवलंय, भंगारवाला आला तर आधी मला हाक मार.