जत्रेतला खाजा

कोकणातल्या गोडाधोडात नारळ नाही असं सहसा होत नाही. शिरवाळ्यांना नारळाचा रस लागतो, खापरोळ्यांनाही तोच. पातोळ्यांच्या पोटात गूळ-खोबरं असतं. मालवणी खाज्यात मात्र नारळ औषधालाही सापडायचा नाही. चण्याचं पीठ, गूळ, आलं आणि तळायला तेल, एवढ्यावर तो उभा आहे. हरभरा काही किनाऱ्याचं मुख्य पीक नव्हे आणि गूळही बहुतेक घाट उतरून येतो. तरी सिंधुदुर्गातली जत्रा खाज्याशिवाय पुरी होत नाही.

माझ्या मते याचं कारण जत्रेतच आहे. ओल्या नारळाचं गोड दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला मुंबईहून चाकरमानी लोटतात. ही जत्रा ठरल्या तिथीची नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख काढतात. तिथून परतणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटता येईल असं, प्रवासात टिकणारं गोड हवं असतं. दूध-खवा नसलेला, कोरडा खाजा त्या कामाचा आहे.

करायला तो दिसतो तितका सोपा नाही. बेसनात मीठ, चिमूट हळद आणि गरम तेलाचं मोहन घालून पीठ घट्ट भिजवतात, सोऱ्यातून जाड शेव पाडतात आणि बेताच्या आचेवर निगुतीनं तळतात. आच मोठी झाली की वरून रंग येतो, आत पीठ ओलं राहतं, आणि तो ओलावा पुढे सगळा खाजा मऊ पाडतो. खरी परीक्षा पाकाची. गूळ उकळून त्यात ठेचलेलं आलं पडतं, कुठे तीळही. पाक गोळीबंद झाला की कांड्या त्यात टाकायच्या आणि हात थांबवायचा नाही. निवताना सतत हलवल्यामुळे गुळातली साखर बारीक कणांनी जमते आणि प्रत्येक कांडीवर खरखरीत, फिकट तपकिरी लेप सुकतो. चिक्कीचा गूळ काचेसारखा चकचकीत थिजतो, तसा इथे थिजला तर कांड्या एकमेकींना चिकटून ढेप होते.

दक्षिणेला हाच पदार्थ गोव्यात देवळाच्या जत्रेत आणि चर्चच्या फेस्तात सारख्याच हक्कानं मांडलेला असतो. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

हल्ली काही ठिकाणी आल्याचा हात आखडतो, हे मला खटकतं. आल्याचा झणका नसेल तर बेसनावर नुसता गूळ उरतो आणि दोन कांड्यांत जीभ कंटाळते. म्हणून घेण्याआधी एक कांडी मागून मोडून बघावी. ती कटकन तुटली पाहिजे, आणि गोडामागून घशाशी आलं लागलं पाहिजे.