प्रधानाचा साळा

या आठवड्यात हवेत तरंगणाऱ्या लापुटा बेटावर जायचे ठरले होते. तो बेत पुढे ढकलतो, कारण मूलकडच्या एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले आहे. ते विचारतात, "दोरीवर उड्या मारून मंत्रिपद मिळवणारे तुमचे लिलिपुटी दरबारी वाचले. आपल्या वगातले राजा-प्रधान काय वेगळे करतात? घरचे सोडून इंग्रजाच्या बेटावर कशाला जाता?"

सवाल रास्त आहे. (गलिव्हरच्या सफरी लिहिणारा स्विफ्ट मात्र जन्माने डब्लिनचा. हे पुढे कामाला येईल, ध्यानात असू द्या.)

वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' घ्या. 1965 साली ते रंगमंचावर आले आणि दादा कोंडक्यांनी गावोगाव नेले. राजाला राज्याची फिकीर नाही. कोतवाल मरतो. हवालदाराला वाटते, आता पाळी आपली. पण प्रधान आपल्या साळ्याला त्या जागी बसवतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या बावळटाला असे नादी लावतात की राजवाड्यातला छपरी पलंगच बाहेर निघतो. हे राज्य कोणते, कुठल्या दिशेला, सीमेवर नदी की डोंगर, काही सांगितलेले नाही. नटाने रंगमंचावर एक गिरकी घेतली की राजवाडा मागे पडतो आणि मैनावतीचे घर येते. बस्स, एवढाच भूगोल.

स्विफ्टचा कारभार याच्या अगदी उलट. लिलिपुटचा माणूस सहा इंचांचा, मग घोडा केवढा, झाड केवढे, गलिव्हरच्या जेवणाला किती गुरे लागतील, सगळ्याचा बाराच्या पटीत हिशोब. 1726 च्या पहिल्या आवृत्तीत नकाशेसुद्धा छापले होते. त्याला हे करावेच लागले, कारण त्याचा वाचक परक्या प्रवाशाबरोबर त्या देशात शिरतो आणि प्रवाशाचा शब्द खरा वाटल्याशिवाय पुढची थाप पचत नाही. वगात प्रवासीच नसतो. त्या राज्याचा कारभार कसा चालतो हे प्रेक्षकाला समजावून सांगायला नको. प्रधानाच्या साळ्याला नोकरी लागली म्हटले की मांडवातला शेवटचा माणूसही हसतो. आपल्याकडे कोतवाल गावोगावी असतो, तलाठ्याच्या हाताखाली. साळेही असतातच.

दुसरा फरक मला जास्त मोलाचा वाटतो. दोरीवर इतरांहून इंचभर उंच उडी मारणारा लिलिपुटचा खजिनदार म्हणजे तेव्हाचा इंग्लंडचा कारभारी रॉबर्ट वॉलपोल. लंडनच्या वाचकाने ते चटकन ओळखले. आज त्याला टीप लागते. वगाला टीप लागत नाही, कारण त्यातली जागा मोकळी ठेवलेली असते. दादा कोंडके ताज्या राजकारणावरचे टोमणे ऐनवेळी घालत, त्यामुळे कालचा प्रयोग आजच्यासारखा नसे. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत आता रडवणारे कौटुंबिक विषय फार झाले. तरीही दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या बाहेर पडल्या की विनोदी नट गावात शिरताना कान उघडे ठेवतोच. दिवसा शंकरपटात काय झाले, सोसायटीत धानाच्या बारदान्यावरून कोण भांडले, ते रात्री राजाच्या दरबारात येते. नाव कुणाचे घेत नाहीत. घ्यायची गरजच पडत नाही.

इथे माझ्यासारख्या सावली गावच्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1936 साली गांधी सेवा संघाचे संमेलन आमच्या गावी भरले होते. गांधीजी स्वतः आले होते. खेडे कसे असावे, याचा ध्यास घेतलेली माणसे त्या मांडवात बसली होती. तेही एका परीने अजून नसलेल्या गावाबद्दलच बोलणे. पण असल्या आदर्श गावावर हसता येत नाही. टॉमस मोरच्या 'यूटोपिया'त शिस्त आहे, सामाईक जेवण आहे, सोन्याची शौचपात्रे आहेत, पण प्रधानाचा साळा नाही. मला ते बेट जरा कोरडेच वाटते.

तर गुरुजी, वग कमी पडतो असे मी म्हणणार नाही. एका ठिकाणी मात्र स्विफ्ट पुढे जातो. वगात राजा मूर्ख, प्रधान लबाड, कोतवाल गाढव. आपण तिकीट काढून त्यांना हसतो आणि झोप मोडल्याची जांभई देत घरी येतो. आपल्यावर काही येत नाही. साळ्याला चिकटवून घ्यायला आपणही कुणाचे पाय धरले होते, ते कुणी विचारत नाही. स्विफ्टच्या चौथ्या सफरीत तशी सुटका नाही. शहाण्या घोड्यांच्या देशात राहून आलेल्या गलिव्हरला घरी परतल्यावर बायकोमुलांचा वास सोसत नाही. तो तबेल्यात जाऊन घोड्यांशी बोलतो. तिथे हसू नेमके कुणावर, त्या देशातल्या याहू नावाच्या रानटी माणसांवर की स्वतःला माणसांहून शहाणा समजणाऱ्या या गलिव्हरवर? अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मी दुसऱ्या बाजूचा. कोंडक्यांच्या हवालदाराने असल्या गलिव्हरची दोन वाक्यांत भंबेरी उडवली असती.

लापुटा पुढच्या आठवड्यात. आपल्या सावलीखाली धरून प्रजेचे ऊन-पाऊस अडवणारे बेट, त्याविरुद्ध बंड करणारे एक शहर, आणि त्या बंडाचा मजकूर 1899 पर्यंत छापील पुस्तकात का आला नाही, ते तेव्हा सांगतो. डब्लिन लक्षात ठेवायला सांगितले, ते त्यासाठीच.