प्रवाळाचा दिवा डोळ्याने निवडू नका

मालवणच्या समुद्रातले प्रवाळ पाहून आलेल्यांना घरच्या मत्स्यटाकीतही तसा देखावा हवासा वाटतो. आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडील कठीण प्रवाळ अनुसूची १ मध्ये आहेत. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. परदेशी प्रवाळही कायदेशीर कागदपत्रे असतील तरच घ्यावेत.

आता दिवा. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल प्रकाशातून अन्न तयार करतात आणि त्यावर बरेचसे प्रवाळ जगतात. लाल प्रकाश समुद्राच्या वरच्या थरातच शोषला जातो, निळा खोलवर पोहोचतो. म्हणून या शैवालांना ४०० ते ५०० नॅनोमीटरचा निळा प्रकाश विशेष उपयोगी. माणसाचा डोळा मात्र ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील. ‘ल्युमेन’ हे माप त्यावरच बेतलेले, त्यामुळे इथे कुचकामी. मोजायचा तो ‘पीएआर’: मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५०.

जास्त म्हणजे चांगले, असेही नाही. अतिप्रकाशाने शैवाल निघून जातात, प्रवाळ पांढरे पडतात, उपाशी मरतात. सुरुवात मंद ठेवा, काही आठवड्यांत वाढवा. टायमर लावून रोज आठ-दहा तास पुरेत.

निळ्या एलईडीकडे टक लावून पाहू नका. टाकी झोपण्याच्या खोलीत असेल तर रात्री दिवा बंदच हवा: निळा प्रकाश झोप आणणारे मेलाटोनिन कमी करतो. अंधार प्रवाळांनाही लागतोच.