पिल्लाचे रक्ताचे जुलाब म्हणजे पार्वोच का?

६ आठवडे ते ६ महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू अचानक मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या आणि मग घाण वासाचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर पार्वो या विषाणूजन्य आजाराचा संशय घ्यायलाच हवा. पण नुसत्या लक्षणांवरून शिक्का मारू नका. जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), गिळलेली वस्तू, आतड्यात आतडं अडकणं, यांतही चित्र बरंचसं असंच दिसतं.

डॉक्टर विष्ठेची रॅपिड टेस्ट करतात. साधारण १०-१५ मिनिटांत उत्तर मिळतं. पॉझिटिव्ह आलं तर बहुधा पार्वोच. निगेटिव्ह आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका! विषाणू विष्ठेतून मोजकेच दिवस भरपूर पडतो, त्यामुळे फार लवकर किंवा उशिरा केलेली टेस्ट चुकू शकते. अशा वेळी पीसीआर ही प्रयोगशाळेतली तपासणी उपयोगी पडते. उलट, नुकतीच लस दिली असेल तर तिच्यामुळेही कधीकधी पॉझिटिव्ह येतं. लसीची तारीख आठवणीने सांगा.

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी खूप घटलेल्या असतील तर संशय बळावतो. माझ्या मते ही तपासणी टाळूच नये, कारण पिल्लू किती धोक्यात आहे याचाही अंदाज तिच्यातून येतो.

कृपया घरगुती उपायांत दिवस घालवू नका. उलटी-जुलाब दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि आधी फोन करून कळवा, म्हणजे पिल्लाला वेगळं ठेवता येईल आणि तिथल्या इतर पिल्लांना लागण होण्याचा धोका कमी होईल.