पालवणकर बाळूंचे १९११ साल

पाडांगवर क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मुलांना पालवणकर बाळू हे नाव ठाऊक असावे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. २३ पैकी १५ सामने हरला, सहाच जिंकला. पण डावखुऱ्या बाळूंनी एकट्याने शंभरावर बळी घेतले!

हाच गडी तरुणपणी पुण्याच्या जिमखान्यात महिना ४ रुपयांवर मैदानाची देखभाल करी, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदू संघाला तो हवासा झाला. मात्र चांभाराचा म्हणून चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला.