गाणे वाटणीला येत नाही

बाप गेला की जमीन मुलांच्या नावावर चढते. तलाठ्याकडे फेरफार झाला की काम संपले. गळ्याचे तसे नाही. बाप कितीही मोठा गवई असो, मुलाने स्वतः पहाटे उठून खर्ज लावला नाही तर घरातले गाणे बापाबरोबर जाते.

आपल्या जालना जिल्ह्याला गाण्याचे वावडे नाही. अंबडला मार्गशीर्षात, शेतात शाळू उभा असताना, दत्तजयंतीला शास्त्रीय गाणे होते. जालन्याचे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) पेटीच्या साथीसाठी देशभर गाजले. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अप्पा आधी गाणे शिकले, पेटी मागून आली. गळ्यातले बोटांत उतरले, म्हणून मोठमोठे गवई त्यांना साथीला बोलावीत.

पण घरात गाणे टिकते कसे, हे पाहायला विदर्भात जाऊ. यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा हे आपल्यासारखेच कापसाच्या मुलखातले गाव. तिथे ना. द. कशाळकर वकिली करीत. कोर्टाचे काम पोटासाठी, जीव मात्र गाण्यात. अरुण, विकास आणि उल्हास या तिन्ही मुलांना त्यांनी घरीच सूर दिला. तिघेही पुढे नावाजलेले गवई झाले. धाकटे उल्हास कशाळकर (जन्म १९५५) १९९३ पासून कलकत्त्याच्या संगीत अकादमीत गुरू म्हणून शिकवू लागले. २०१० साली ते पद्मश्री झाले.

मला या घराचे कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. वकीलसाहेबांनी मुलांना आपल्यापाशीच अडकवून ठेवले नाही. उल्हास नागपुरात राजाभाऊ कोगजे यांच्याकडे शिकले, नंतर राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे. अरुण आणि विकास यांनीही गजाननबुवांची तालीम घेतली. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या पायाशी बसवायला बापाचे मन मोठे लागते.

या गजाननबुवांचे घरही असेच. त्यांचे वडील अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे गवई. ग्वाल्हेर घराण्याची तालीम मुलाला घरातच मिळाली. घराणे म्हणजे गाण्याची रीत. ज्वारी एकच, पण भाकरी ज्याच्या त्याच्या घरची वेगळी लागते ना, तसेच. बापाची रीत हाती असूनही गजाननबुवा जयपूरची रीत भूर्जीखाँसाहेबांकडे आणि आग्र्याची विलायत हुसेन खाँसाहेबांकडे शिकायला गेले. शिवाय व्हायोलिन वाजवीत ते निराळेच. तीन घरची भाकरी खाल्लेला हा माणूस शिकवायला बसे तेव्हा शिष्यांना काय काय मिळत असेल!

बुवांनी स्वतःच्या मुलांनाही शिकवले. मुलगी सुचेता बीडकर गायिका झाल्या. आपल्याकडे पोरीला अभंग म्हणायला लावतात, कौतुक करतात आणि लग्न ठरले की गाणे बंद. तिकडे मुलगी सासरी गेली आणि गाणेही तिच्याबरोबर गेले. परंपरा मुलानेच चालवायची, हे कोणी ठरवले?

अंतुबुवांनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला गायनाचा उत्सव सुरू केला. शहरातले थिएटर नाही, तिकीट नाही. खेड्यातले दत्ताचे देऊळ. पुढे तो गजाननबुवांनी चालवला आणि १९८१ साली त्यासाठी प्रतिष्ठान स्थापले. १९८७ साली बुवा गेले. वाटणीचा प्रश्न असता तर भाऊबंदकी झाली असती. इथे मुले आणि शिष्य एकत्र उभे राहिले. पांढरकवड्याच्या वकिलांचे थोरले चिरंजीव अरुण कशाळकर यांनीही या कामाला खांदा दिला. सख्खे आणि शिकलेले, दोघेही वारस.

उल्हासरावांचे चिरंजीव समीहन हेही वडिलांपाशी शिकून गातात. म्हणजे त्या घरात तिसरी पिढी गाऊ लागली.

औंधचा उत्सव अश्विन वद्य पंचमीला असतो, कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. तरी एखाद्या वर्षी घरातल्या गात्या पोरीला घेऊन जरूर जावे.